घाबरं म्हणजे नेमकं काय?

२ फेब्रुवारी, सोमवार

आला एकदाचा डबा! कॅज्युअल्टीच्या दारात, माझ्या टेबलापासून चार पावलांवर उभा केलाय. पाटीएवढा पडदा, खाली माइक, वर कॅमेरा. पेशंटने आत आलं की त्याच्याशी बोलायचं. तो प्रश्न विचारणार, ऐकणार, चार ओळींत लिहून काढणार आणि रंग देणार. लाल म्हणजे ताबडतोब आत, पिवळा म्हणजे तासाभरात, हिरवा म्हणजे बाकावर बसा.

हेच काम मी सत्तावीस वर्षं करतेय. माइक न लावता.

मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, सहा आठवडे दोघांनीही रंग द्यायचे. तोवर पेशंट तुमच्याच रंगाने आत जातील. शेवटी तुम्ही लिहून द्या — ठेवायचा की परत पाठवायचा." सगळ्यांसमोर म्हणाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण घरी येताना विचार आला. मी 'ठेवा' म्हटलं आणि त्याने एखाद्या लालला हिरवं केलं, तर तो माणूस बाकावर बसल्या बसल्या जाईल. आणि कागदावर सही माझी असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

चाळीस पेशंट. तेहतीस वेळा दोघांचा रंग एकच. सहा वेळा त्याने उगाच वरचा रंग दिला. एकदा माझं चुकलं — करंगळी मोडली होती, मी मुरगळलीय म्हणून मोकळी झाले.

डब्याला नाव पडलं — पोपट. मावशींनी ठेवलं. मावशी कॅज्युअल्टीची साफसफाई करतात आणि गेली पंधरा वर्षं माझ्यावर लक्षही ठेवतात. म्हणाल्या, "सिस्टर, गोड बोलतो हो मेला. एकदासुद्धा कुणावर खेकसला नाही!" आणि माझ्याकडे बघत फडकं पिळलं.

मी खेकसत नाही. मला घाई असते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पोपटाला आज गुण द्यावा लागला.

एक निवृत्त शिपाई आला. उठलं की भोवळ येते. मी हिरवा दिला — उपास, अपुरी झोप, दुसरं काय! पोपट म्हणाला, रोज घेता ती औषधं कॅमेऱ्याला दाखवा. पिशवीतून दोन पाकिटं निघाली, दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली. नावं वेगळी, खोकी वेगळी, आतलं औषध एकच! रक्तदाबाचं. बिचारा दहा दिवस दुप्पट खात होता. प्रेशर मोजलं तर वरचं ऐंशी.

त्याचा लाल, माझा हिरवा. वहीत लिहायला जिवावर आलं, पण लिहिलं. मी पाकिटं बघितलीच नव्हती.

९ फेब्रुवारी, सोमवार

नव्या डॉक्टरचा आज पार पोपट झाला. (पोपट हा शब्द आता जपून वापरायला हवा!)

इंटर्नशिपला आलीय. जाड चष्मा, आणि आवाज इतका बारीक की पेशंटच तिला "काय म्हणालात?" विचारतात. अभ्यास सगळा फोनवरच्या चॅटबॉटशी बोलून. आज केस मीटिंगमध्ये म्हणाली, नव्या संशोधनात असं असं सिद्ध झालंय. मोठे डॉक्टर म्हणाले, "छान. दाखवा." दहा मिनिटं शोधलं तिने. लेखकांची नावं होती, वर्ष होतं, पानाचा आकडासुद्धा होता. फक्त लेख नव्हता! कुठेच नव्हता. चॅटबॉटने मनाने रचून दिलेला.

मोठे डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्या तुम्ही त्याला लहान मुलाचा डोस विचाराल. तोही तो असाच ठामपणे सांगेल."

नंतर चादरींच्या खोलीत रडत होती. मी पाणी दिलं. म्हणाली, "मी त्याला का विचारते सांगू सिस्टर? तो 'एवढंही येत नाही?' असं म्हणत नाही."

मागच्याच आठवड्यात मी तिला हेच म्हटलं होतं, आणि तेही वॉर्डभर ऐकू जाईल असं.

११ फेब्रुवारी, बुधवार

एका बाईंच्या हातापायांना मुंग्या येतात. पोपटाचा सल्ला — चावलेली जागा साबणाने धुवा!! दिवसभर सगळे हसताहेत. ह्यांना सांगितलं, तेही हसता हसता खुर्चीत टेकले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हसण्यासारखं नव्हतं.

सकाळी सव्वादहा. शिवणकाम करणाऱ्या बाई, पन्नाशीच्या. खांद्यावर मोजपट्टी तशीच. पोपटापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "कालपासून घाबरं होतंय." एवढंच. पोपटाने विचारलं, "कशाची भीती वाटते?" बाई गोंधळल्या. "भीती? नाही बाई, भीती कशाची? घाबरं होतंय." पोपटाने गोड आवाजात सांगितलं, घाबरू नका, पाच वेळा दीर्घ श्वास घ्या. हिरवा.

आणि त्या खरंच बाकावर बसून दीर्घ श्वास घ्यायला लागल्या!

मी दुसऱ्या पेशंटची पट्टी सोडत होते. मान वळवली तर ओठांच्या वर घाम दिसला. थंडीत. मोजपट्टी छातीशी घट्ट धरलेली. मी ओरडलेच — मावशी, ट्रॉली! ईसीजी काढला तर सरळ सरळ हार्ट अटॅक. अकरा मिनिटांत वर नेलं. वाचल्या.

दोन मिनिटं उशीर झाला असता तर? मी पट्टी पुरी करून मग बघितलं असतं तर?

मोठे डॉक्टर खाली येऊन म्हणाले, "कसं ओळखलंत?" म्हटलं, चेहऱ्यावरून. नवी डॉक्टर वही काढून उभी — "चेहऱ्यावर नेमकं काय, सिस्टर?" आता ते काय सांगू? सांगता आलं असतं तर त्या डब्यालाही शिकवलं असतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीचा माणूस धावत आला. लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, चेहरा उतरलेला. मला वाटलं हुज्जत घालेल. नाही घातली. पोपटाची शब्दांची यादी उघडून दाखवली — घाबरणे, घाबरा, घाबरं, सगळ्यांपुढे एकच शब्द: भीती.

म्हटलं, "तुमची आई दम लागल्यावर काय म्हणते?"

तो म्हणाला, "घाबरं झालं म्हणते."

"उलटी व्हायच्या आधी?"

"जीव घाबरा होतो म्हणते."

"मग यादी करताना आईला नाही का विचारायचं!"

दोन तास बसलो. मी सांगत गेले, तो टिपत गेला. मुंग्या येणं. डोळ्यांपुढे काजवे. पोटात कालवाकालव. अंग मोडून येणं. छाती भरून येणं — हे आनंदानेही होतं आणि कफानेही! गळून जाणं. आणि सगळ्यांत अवघड — कसंतरीच होतंय. तो म्हणाला, "याचा अर्थ काय लिहू?" म्हटलं, अर्थ लिहू नका, प्रश्न लिहा. अर्थ फक्त पेशंटला माहीत असतो.

हे बोलून गेले आणि स्वतःवरच खूश झाले. 'घाबरं होणं'साठी प्रश्न मीच सांगितला, शब्दन् शब्द — "घाबरं म्हणजे नेमकं काय होतंय? भीती वाटते, दम लागतो, की छातीत दडपतं? सावकाश सांगा." तो म्हणाला, हा जसाच्या तसा टाकतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज कॅज्युअल्टीत गर्दी, पाय दुखून आले. घरी आल्यावर ह्यांना शिवणवाल्या बाईंची बातमी सांगितली — उद्या घरी सोडणार. हे शांतपणे ऐकत होते. तीस वर्षं नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे काहीही सांगायचं झालं की आधी उत्तर दिशा दाखवतात. माझं संपल्यावर सुरू झाले — "आज सकाळी मी फाटकापाशी होतो. उत्तरेकडच्या. तिथून आपल्या जिन्याकडे येताना मध्ये तो चढ लागतो ना, तर तिथे..."

म्हटलं, मुद्द्यावर या! गुडघाच ना? त्या चपला आधी बदला, कधीपासून सांगतेय.

म्हणाले, "हो, तेही आहे."

उद्या दुकानात नेते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नवी डॉक्टर आता पोपटाशी पेशंट-पेशंट खेळते. म्हणजे पोपट पेशंट होतो, ही त्याला प्रश्न विचारते, शेवटी पोपटच सांगतो काय विचारायचं राहिलं. मी पाच मिनिटं उभी राहून ऐकलं. काय तो पेशंट! दुखणं कधी सुरू झालं, कुठे, किती, कशाने वाढतं — सगळं ओळीने, पाढे म्हटल्यासारखं. असा पेशंट सत्तावीस वर्षांत एक बघितला नाही. खरा पेशंट आधी जावयाचं सांगतो, मग पाठीचं, आणि उठून जाताना दारात म्हणतो, लघवीतून रक्त जातंय.

पण एक खरं. तिचा आवाज फुटलाय. आज एका आजोबांना संडासचं, लघवीचं सगळं स्पष्ट विचारलं, न लाजता. डब्यापुढे पन्नास वेळा चुकून घेतलं, माणसापुढे चुकायची वेळ आली नाही. हा फायदा मी लिहिणार.

जाता जाता मला म्हणाली — आवाज फुटल्याचा परिणाम! — "सिस्टर, मी घड्याळ लावून बघितलं. पेशंट बोलायला लागल्यापासून तुम्ही सरासरी चौदाव्या सेकंदाला मध्ये बोलता. पोपट मध्ये बोलतच नाही."

म्हटलं, चौदा सेकंदांत मला कळतं म्हणून!

मावशींनी तेवढ्यात नेमकी बादली आपटली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

यादी चालू झाली. 'घाबरं' म्हणून तीन जण आले. तिघांनाही पोपटाने माझा प्रश्न विचारला. एकाला दमा, एकीला नुसती परीक्षेची भीती, एकाला अपचन. तिन्ही रंग बरोबर. माझे शब्द त्याच्या तोंडून ऐकताना गंमत वाटली. तो माझ्यापेक्षा सावकाश विचारतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पोपट आता फोनवरही मिळणार, हॉस्पिटलच्या पेशंटना. घरून बोलायचं, लाल आला की निरोप थेट माझ्या टेबलावरच्या पडद्यावर. मी विरोध केला. समोर चेहरा नाही, घाम दिसत नाही, मग काय बघायचं? मोठे डॉक्टर म्हणाले, "जे येतच नाहीत त्यांचा चेहरा आपल्याला नाहीतरी कुठे दिसतो?"

ह्यांनीही घेतला फोनवर! म्हटलं, तुम्हाला कशाला? घरात आख्खी नर्स बसलीय! म्हणाले, "असू दे. तुझं काम काय असतं ते कळेल." संध्याकाळी गॅलरीत बसून काहीतरी बोलत होते त्याच्याशी. बोलू देत. त्याला उत्तर दिशेचं सगळं सांगा म्हणावं, तो कंटाळणार नाही.

३ मार्च, मंगळवार

एकदाचं दुकानात जाऊन आलो. नव्या चपला घेतल्या, मऊ तळव्याच्या. तरी हे जिन्यात दोनदा थांबले. "अगं, ऐक ना, परवापासून मला असं..." म्हणाले. मी वरच्या पायरीवरून सांगितलं, वजन! सकाळचं फिरणं बंद केल्याचं हे फळ. उद्यापासून गव्हाचं-तांदळाचं प्रमाण मी बघते.

"बरं," म्हणाले.

६ मार्च, शुक्रवार

अहवाल लिहून झाला. तेराला द्यायचा आहे. चार वेळा फाडला, पाचव्यांदा मनासारखा उतरला.

ठेवा, असं लिहिलंय. पण अटी घातल्यात. हिरवा दिलेला प्रत्येक पेशंट अर्ध्या तासात माणसाने डोळ्यांनी बघायचा. औषधांची पाकिटं पोपटाने तपासायची, कारण आम्ही तपासत नाही. शिकणाऱ्यांनी त्याच्यापुढे हवं तेवढं चुकावं, पण त्याने सांगितलेला एकही डोस, एकही लेख स्वतः उघडून बघितल्याशिवाय तोंडातून काढू नये. शब्दांची यादी दर महिन्याला नर्सने मावशींना वाचून दाखवून तपासायची. मावशींचं नाव बघून मोठे डॉक्टर हसतील. हसू देत, पेशंट खरं काय ते मावशींनाच सांगतात.

शेवटचं वाक्य मला फार आवडलं: "यंत्राला शब्द ऐकू येतात, माणूस ऐकायला माणूसच लागतो." दोनदा मोठ्याने वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. म्हणाले, "वाक्य चांगलं आहे."

१० मार्च, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

अकरा वाजून वीस मिनिटं. पडद्यावर लाल, फोनवरून आलेला. चार ओळी. पुरुष, वय एकसष्ट. तीन आठवड्यांपासून चढ चढताना घाबरं, म्हणजे दम आणि छातीत दडपण. आज बसल्या जागी, अर्ध्या तासापासून, डावा जबडाही दुखतो. घाम. घरात एकटे.

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, पत्ता वाचा. मी खालची ओळ वाचायला लागले, नेहमीच्या आवाजात — "उत्तरेकडच्या फाटकातून या, दक्षिणेकडचं बंद असतं. चढ संपल्यावर..."

पुढे वाचता येईना. ड्रायव्हर हॅलो हॅलो करतोय. मावशींनी माझ्या हातून फोन घेतला आणि अडखळत, एकेक अक्षर लावत पत्ता पूर्ण वाचला. मावशींना वाचता येतं हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं.

सतरा मिनिटांनी ट्रॉली आली. पायात नव्या चपला. ईसीजी नव्या डॉक्टरने काढला. मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बाकावर बसा." बसले. हिरव्यांच्या बाकावर.

११ मार्च, बुधवार

एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, ती उघडली. मोठे डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आले. आणखी तासभर थांबले असते तर..." हे अतिदक्षता विभागात झोपलेत. मी हात धरून बसले होते. मला बघून हसले, मी मात्र रडले. सगळा स्टाफ बघत होता, बघू दे.

चेहऱ्यावरून ओळखते म्हणे मी. तीन आठवडे रोज समोर बसून जेवत होते.

१२ मार्च, गुरुवार

दिरांचा नंबर हवा होता म्हणून ह्यांचा फोन उघडला. पोपटाशी झालेलं परवाचं बोलणं तसंच उघडं होतं. त्याने शेवटी विचारलं होतं — घरात कोणाला सांगितलंय का?

ह्यांचं उत्तर: "बायको नर्स आहे, फार हुशार आहे. दोनदा सांगायला गेलो. ती म्हणते, मुद्द्यावर या. मुद्दा काय आहे तेच मला कळत नव्हतं. म्हणून तर तिला सांगत होतो."